सहा बाय चार

नगरपालिकेनं दिलेला पत्रा, सहा फूट बाय चार.
वर लिहायचं: सिन्नर शहराचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे.
लावायचा एसटी स्टँडवर, मुतारीच्या अलीकडं.
दर अक्षरामागे चार रुपये, काना-मात्रा फुकट.
जोडाक्षराचे जास्त मागितले
तर वळवी साहेब नुसतेच हसले.

टाईप केलेला कागद होता त्यांचा.
सेऊणचंद्रानं गाव वसवलं, एक ओळ.
गोंदेश्वर, काळा दगड,
एका जोत्यावर पाच देवळं, तीन ओळी.
ऐश्वर्येश्वराच्या मकरतोरणाला दीड.
सरस्वती नदीला अर्धी,
ती असतेही अर्धीच, होळीनंतर.

आठ-नऊशे वर्षं अकरा ओळींत कोंबायची
म्हणजे अक्षरं अंगावर येतात.
‘शिल्पसमृद्ध’शी सकाळपासून झुंजत होतो,
ब्रशचा एक केस सुटला
आणि ‘ल्प’च्या पोटात चिकटून बसला.
तो आहे अजून. जवळ गेलात तर दिसेल.

राजव्वा येलदी बसली होती बाकावर,
ठाणगावची गाडी लेट.
काय लिव्हतो रे मुरल्या?
वाचून दाखवलं. ऐकलं तिनं, तंबाखू मळत.
मग म्हणाली,
वखार कुठाय यात?

कागदात वखार नव्हती.

देवळाला कुंपण नव्हतं तवा
तिथंच बसायचो आम्ही, सूप मांडीवर घेऊन.
दुपारनंतर उगवतीकडचा दगड गार असतो.
ती नाचणारी बाई बघ, नाक झिजलेली,
तिच्या पायाशी तुझ्या आईची जागा.
दुसरी कुणी बसली तर कात्री उगारायची!

(हे मला माहीत नव्हतं.
मला आईच्या फक्त नखांचा वास आठवतो.)

हजार विड्या वळल्या की वखारीत रांग.
चेकर जुडी हुंगणार, दाबणार,
पन्नास-साठ काढून बाजूला फेकणार. छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
पण माघारी पण कधी दिली नाही रे.
कुणी तरी ओढलीच असंल ना ती?

तेवढ्यात गाडी आली.
चढताना कंडक्टरशी तिचं वाजलं, पिशवीवरून.
खिडकीतून मला काहीतरी ओरडून सांगितलं,
इंजिनाच्या आवाजात गेलं ते.

खाली वीतभर पत्रा उरला होता.
हिरव्यात थोडा पिवळा मिसळला, थोडी माती.
आईचा पत्र्याचा फरमा होता ना,
टेंभुर्णीच्या पानावर ठेवून कात्री फिरवायची,
तेवढाच, त्याच मापाचा चौकोन काढला.
आत शिरा, बारीक, तिरप्या.

संध्याकाळी साहेब आले, मोबाईलवर फोटो काढला.
अक्षरं मोजली. बोट ठेवलं तळाशी.
हा चौकोन कसला?
यात काही लिहायचं राहिलं का?

हात लावू नका साहेब, म्हटलं,
ओला आहे अजून.