नोव्हेंबर वगळून

इवालोत सूर्य उगवत नाही त्या दिवसांत
तुइस्कू माझ्याकडे आली,
बापाच्या दंडाला धरून, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
ट्यूबकडे बोट करून म्हणाली, ती बंद कर, ती ओरडते.
मी बंद केली.
या गावात अंधाराच्या नावाने सगळेच बोटं मोडतात,
त्या पोरीला तेवढा तो मानवला.

आइस हॉकीचं तिसरं सत्र. फळीवर आपटली,
स्वतःच उठली, स्वतःच बाकावर जाऊन बसली
आणि शेजारणीला विचारलं, आपण जिंकतोय का हरतोय?
सात वेळा.

सुरुवातीला आम्ही नुसतं चाललो.
नदीकाठी, विजेचे खांब मोजत: चार खांब आणि परत.
दुसऱ्या दिवशी पाच.
मग अंगठा. हात लांब, नजर नखावर, मान फिरव:
नाही, नाही, नाही. आता हो, हो, हो.
मेट्रोनोमच्या ठेक्यावर नख पुसट व्हायचं,
पाण्यात पडलेल्या नाण्यासारखं हलायचं.
थांब. भिंत धर. शून्य ते सहा, किती?
चार.
नाकाच्या शेंड्याशी धरलेल्या दोरीवर तीन मणी;
जवळच्या तांबड्याचे तिला दोन दिसायचे
आणि ती माझ्यावरच चिडायची,
जणू मीच चोरून एक ओवला.

महिने उलटे म्हण.
डिसेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर...
दर वेळी नोव्हेंबर गाळायची.
आमच्या भाषेत त्या महिन्याच्या नावातच मरण आहे.
मी वहीत खूण करायचे, बोलायचे नाही.

नाताळ झाला आणि सगळे आकडे शून्य.
डोकेदुखी शून्य. मळमळ शून्य. झोप? मस्त.
इतकी स्वच्छ यादी मी धडधाकट माणसाचीही पाहिलेली नाही,
माझीच रोजची बेरीज पाचाच्या खाली येत नाही.
रोवानिएमीशी सामना दहा दिवसांवर होता.
मी तिला ट्रेडमिलवर चढवलं.
एकशे चाळीस ठोक्यांना ओठ पांढरे पडले.
शून्य, ती म्हणाली,
मी विचारायच्या आत.

एस्कोचं सांगणार होते. माझा भाऊ, बचावफळीतला.
त्या काळी बोटं दाखवायचे, किती म्हणून विचारायचे,
आणि दाखवणारा दोनच दाखवतो
हे सगळ्या संघाला पाठ होतं.
आता तो फोन करतो, आईला दे म्हणतो.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
नाही सांगितलं. भीती हे औषध असेलही,
माझ्या कपाटात मी ते ठेवत नाही.
पट्टा हळू केला, एवढंच. म्हटलं, महिने.

डिसेंबर.
मग बराच वेळ नुसता पट्ट्याचा आवाज.
नोव्हेंबर,
ती म्हणाली, आणि चालता चालता रडायला लागली.
डोकं दोन. उजेड तीन. रात्री झोप नाही.
मी एकेक लिहून घेतलं, दुकानदार उधारी लिहितो तसं,
डोळे वर न करता.

संघ तिच्याविना गेला.
जिंकलो का हरलो, तिने मला विचारलं.
एकदाच.

जानेवारीत टेकडीवर सूर्य आला, जेमतेम कपाळ.
सगळं गाव दुकानांबाहेर उभं.
तुइस्कूने गॉगल काढला, रस्त्यातच हात लांब केला,
अंगठा वर, नाही नाही, हो हो.
एका म्हातारबुवांना वाटलं, लिफ्ट मागतेय.
त्यांनी गाडी थांबवली.

आज ती बर्फावर आहे, लाल जर्सीत.
लाल म्हणजे, हिला धक्का द्यायचा नाही.
अजून दोन पायऱ्या बाकी, मान अजून कच्ची,
आणि तिला पुढच्याच शनिवारची घाई.
मी कठड्याला टेकून उभी, वही काखेत.
कुणीतरी मारलेला पक फळीवर फाडकन आदळला,
तिच्या डोक्यापासून हातभर.
तिची पापणी लवली नाही.
माझी लवली.