दमानं

मंगळवारी चार वाजता, चॅपेलच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी रविवारची शाळा भरायची,
आम्ही आठ जण डोळे मिटून खुर्च्यांवर बसतो.
आठ जणांत मिळून धड फुप्फुसं असतील पाच.

नेरिस नर्स आहे, सव्वीस वर्षांची.
आवाज हळू, बूट मात्र करकरणारे.
श्वासाकडे लक्ष द्या, म्हणते.
पोरी, अकरा वर्षं दुसरं काय करतोय मी?
मोजा घालताना, जिना चढताना,
मेन्नाला हाक मारू की पुढची पायरी घेऊ
यातलं एकच परवडतं तेव्हा.
तान्ह्या पोराकडे रात्री उठून बघावं
तसा बघतो मी श्वासाकडे.
चालू आहे ना?

दम धरा, म्हणतात सगळे.
डॉक्टर, पेन्शन कचेरीतली बाई, धाकटा मेहुणा.
धरला असता की.
धरायला हातात यावा लागतो आधी.

विचार येतील, येऊ द्या, म्हणते नेरिस.
खिडकीबाहेर टाकाऊ दगडाचे डोंगर,
एक टन चांगल्या पाटीमागे दहा टन कचरा.
हे आमच्या ब्लायनाय गावाला शिकवायला नको.

मग ती म्हणाली, मनाची पाटी कोरी करा.
इथं मात्र मी एक डोळा उघडला.

एकोणतीस वर्षं मी पाटीचा दगड चिरला.
डचेस, काउंटेस, लेडी,
मापांना नावं सगळी थोरामोठ्यांच्या बायकांची.
त्या गेल्या परमुलखातल्या छपरांवर
आणि पावडर राहिली आमच्याकडे, छातीत, मुक्कामाला.
कोरी पाटी मी एकही पाहिली नाही.
प्रत्येकीच्या पोटात थर असतात,
कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल, एकावर एक निजलेला.
दगडावर चिडू नकोस, बाप सांगायचा, ऐक त्याला.
ठोकळा मांडीवर टेकवायचा,
छिन्नी नेहमी बरोबर मधोमध,
कडेनं गेलास तर भुगा.
टक, टक.
अर्धा. अर्ध्याचा अर्धा. त्याचाही अर्धा.

परवा पहाटे तीनला दम उसवला.
उशाशी ऑक्सिजनचं मशीन गुणगुणत होतं,
मेन्ना भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
आणि छातीवर अख्खा ठोकळा,
खाणीतून नुकताच काढलेला, ओला, माझ्याहून जड.
उठून बसलो. खिडकी उघडायलाही हात पोचेना.
तिला उठवणार होतो.
पण हात आपोआप मांडीवर आले,
डावा धरून, उजवा टेकवून,
जणू छिन्नी आहेच.

अख्खा श्वास नको, म्हटलं. त्याचा अर्धा.
रात्र तर नकोच,
मशीनच्या पुढच्या खटक्यापर्यंतची बस.
त्याचाही अर्धा.
भीती मधोमध चिरली, भुगा झाला,
पुन्हा मांडली, पुन्हा चिरली.
किती वेळ, माहीत नाही.
बरं वाटलं असं नाही म्हणणार.
पातळ वाटलं.
एका हातानं उचलून बाजूला ठेवता येईल इतपत.

हे नेरिसला सांगितलं नाही.
तासाच्या शेवटी ती विचारते, कसं वाटलं?
पोस्टातल्या ग्वेनोला निळा रंग दिसतो.
माझी पाळी आली की मी म्हणतो, गो लेव.
आमच्या बोलीत त्याचा अर्थ, बरंय,
म्हणजे मरत नाहीये,
म्हणजे आज तरी नाही.

या मंगळवारी आम्ही सात होतो.
एमलिनची खुर्ची कुणी उचलली नव्हती,
त्याच्या पाठीमागची उशी तशीच दबलेली.
नेरिसनं काही म्हटलं नाही, बूटही करकरले नाहीत.
डोळे मिटले.
वर पाऊस लागला होता.
हे छप्पर आमच्याच पाळीनं चिरलेलं,
त्यातल्या कुठल्या पाट्या माझ्या, कुठल्या एमलिनच्या,
आता आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.
गळत नाही, एवढं खरं.