जिव्हाळी

तुझ्याकडे मी आलो ते लंगडी घोडी घेऊन,
दोरखंडाचा लगाम, खिशात सहा युरो
आणि एक थाप : बापानं पाठवलंय.
तू मान वर न करता म्हणालास,
"तुझा बाप कुणाला कुठं पाठवत नाही.
पाय उचल.
तिचा. तुझा नव्हे, गाढवा."

लिमरिकच्या त्या वस्तीत तेव्हा
अर्ध्या घरांच्या खिडक्या विटा लावून बुजवलेल्या,
मागे जळक्या मोटारींच्या सांगाड्यांमधून घोडी चरायची.
तुझी भट्टी एका गॅरेजात.
मॉसी हॅनफिन, नालबंद. पाटी नव्हती.
सगळ्यांना ठाऊक होतं आत कोण राहतो,
आणि त्याआधी आठ वर्षं
तो कुठल्या आत राहत होता.

आई म्हणायची, त्याच्या हातून माणूस गेलाय.
मी तुझे हात बघत बसायचो.
नेमका कोणता?
हातोड्याचा, की घोडीच्या पोटऱ्यांवरून
सावकाश खाली उतरणारा?

शिकवणं तुला यायचं नाही.
"खुराच्या कडेला पांढरी रेघ असते. दिसली?
रेघेबाहेर सगळं मेलेलं. खिळा तिथं.
रेघेच्या आत जिव्हाळी.
तिथं गेलास तर लाथ खाशील, आणि ती बरोबर असेल."
आणखी एकदा, रागानं :
"डोळ्यांनी काय ठोकतोस, कानानं ठोक.
मेल्यातून जाताना खिळा खणखणतो.
आवाज बसला की थांब."
हिवाळाभर एवढंच बोललास. बाकी शिव्या,
आणि दुपारी अर्धं सँडविच माझ्याकडे ढकलून,
"खा, माझं पोट बिघडलंय."
रोज कसं बिघडायचं तुझं पोट
हे मला पोरं झाल्यावर कळलं.

मग एका शनिवारी बाप आला
माझी मजुरी मागायला.
पैसे घेतले, मोजले, आणि जाता जाता
उगाच, सवयीनं, माझ्या कानशिलात दिली.
तू हातोडा उचललास.
भट्टीत कोळसा तडकला.
बाप दारात, मी मध्ये,
पेनीचे कान मागे.
मग तू तो हातोडा
पाण्याच्या बादलीत बुडवलास,
तापलेला नसताना.
बराच वेळ धरून ठेवलास पाण्याखाली.

त्यानंतर तीन दिवस प्यायलास.

चौथ्या दिवशी म्हणालास, आण तिला, नाल राहिलाय.
मला वास आला होता. मी आणलं.
पहिला खिळा खणखणला. दुसराही.
तिसऱ्याचा आवाज बसला, मी ऐकला,
तू ऐकला नाहीस,
आणखी एक घाव घातलास.

पेनी किंचाळली. घोडं किंचाळतं
हे तोवर मला माहीत नव्हतं.
तू भिंतीशी जाऊन पडला होतास.
मी तुझ्या मुठीतून पक्कड सोडवली,
खिळा उपटला, त्यावरचं रक्त
पँटला पुसलं, भोकात आयोडीन ओतलं.
वय चौदा. हात कापत नव्हते.
"घरी जा मॉसी," मी म्हणालो.
"हेच घर आहे," तू म्हणालास,
आणि घोडीची माफी मागितलीस. तिचं नाव घेऊन.
माझी नाही.
बरं केलंस. मी दिली नसती.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवून
मी सहालाच पोचलो.
भट्टी पेटलेली. तू दाढी केलेली, हनुवटीवर तीन काप.
ऐरणीवर हातोडा,
दांडा माझ्या बाजूला.
"पाय उचल," तू म्हणालास.
"कुणाचा?" मी विचारलं.
हसला नाहीस.
पण भाता
जरा जास्तच जोरात ओढलास.