चार्ज देताना

डेड स्टॉक रजिस्टर तुमच्यासमोर आहे, मुणगेकर बाई.
खुर्च्या नऊ, पैकी एक मोडकी.
फळा एक. पृथ्वीगोल एक,
ऑस्ट्रेलियाजवळ पोचा पडलेला.
सही केलीत की कागदोपत्री मी मोकळी.

आता ज्याला रकाना नाही ते ऐका.
कणकवली गाडीला अजून तासभर आहे.

बाकांच्या पायांना जाळ्याचे बोये कापून बसवलेत.
फरशीवर पाय करकरला
की झुबेर कान दाबून टेबलाखाली जातो.
बोये झिजले की बंदरावर फकीरचाचांकडे जा,
पैसे घेत नाहीत,
चहा मात्र प्यावाच लागतो.

घंटेच्या लोळीला फडकं बांधलंय. सोडू नका.

भिंतीवर सात चित्रं आहेत:
दप्तर, गोष्ट, वाळू, खिचडी, नळ, झोपाळा, एसटी.
झालं ते चित्र उलटं करायचं, त्यांनी. आपण नाही.
बेत बदलणार असेल
तर लाल टिकली आधी लावा, तोंडाने मग सांगा.
तपासणीला साहेब आले त्या दिवशी
मी टिकली विसरले.
रुक्सार व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारून
अडीच तास उभी होती,
आणि साहेबांनी शेऱ्यात लिहिलं,
'वर्गावर नियंत्रण नाही.'

यशोधन ताऱ्यांचा.
बसायच्या आधी त्याला दोन बादल्या वाळू द्या,
फाटकापासून उंडीच्या झाडापर्यंत, आणि परत.
लोक म्हणतील, पोराला राबवतात.
म्हणू देत.
आपलं अंग कुठे संपतं हे त्याला उमगत नाही,
हाताला ओझं लागलं की उमगतं.
मग वीस मिनिटं बसतो.
एकविसावं मागू नका.

द्रौपदीला फळ्यावरचा पाच दिसत नाही,
म्हणजे डोळ्यांना दिसतो, तिला नाही.
कपाटात रबराचे बांगडे आहेत, सायकलच्या ट्यूबचे,
त्यांचे वाटे लावायला सांगा.
पाचाचा पाढा ती
आईच्या आरोळीच्या चालीत म्हणते,
आणि पन्नासला पोचली
की घासाघीस सुरू करते.
तेव्हा हरा तुम्ही. रोज.

प्रश्न विचारलात की गप्प राहा.
मनात दहा मोजा.
दहा फार लांब असतात, बाई.
सहाला वाटेल, याला येत नाही.
आठला जीभ वळवळेल.
पुन्हा विचारलंत
तर खाडीत तिसऱ्या शोधायला वाकलेलं पोर
रिकाम्या हाताने ताठ उभं राहतं
आणि सगळं पहिल्यापासून.

भिवाचं काय सांगू?
त्याच्या वहीत चौदा उपाय लिहिलेत,
तेरांवर काट आहे.
पहिलं वर्षभर मी त्याची हनुवटी धरून म्हणायचे,
माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ.
मला तसंच शिकवलं होतं.
तो एवढंच शिकला
की मी आले की मान छातीत खुपसायची.

आता मी त्याच्या शेजारी बसते,
समोर नाही.
तो बघतो तिकडे बघते.
खिडकीतून पवनचक्क्या दिसतात,
कड्यावरच्या, एक नेहमी बंद असते.
दीड वर्ष आम्ही दोघांनी
पाती बघितली.

मार्चमध्ये एका दुपारी वारा पडला.
भिवा म्हणाला,
'रवली.'

मी दहा मोजले.
मग आणखी दहा.
पुढे काही आलं नाही.
चक्की म्हणाला की आणखी कोण,
ते मी विचारलं नाही.
तेव्हा बदलीचा कागद
आला होता, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

उद्यासाठी लाल टिकली मी लावून ठेवलीय,
माझ्या फोटोवर. शेजारी तुमचा फोटो लावा,
हसरा नको, रोजचा.
पहिले चार दिवस केसांना वासाचं तेल लावू नका.

ही कपाटाची किल्ली.
आधी दार जरा उचलायचं,
मग फिरवायची.
जोर लावलात तर आतच तुटते.
ही तिसरी आहे.