वास : आहे / नाही

माझं काम पाण्याचं. सकाळी साडेसातला
बाटल्यांची बुचं काढून मी हुंगते
रिपन, नेअर्सबरो, हॅरोगेट,
आणि फॉर्मवर खूण करते : वास नाही.
या 'नाही'चाच मला पगार मिळतो.
अकरा वर्षं साबणसुद्धा बिनवासाचा,
केसांना तेल नाही,
लसूण फक्त शुक्रवारी रात्री.

त्या दुकानात शिरले ती वाऱ्याने छत्री उलटली म्हणून.
आत हेझल. सत्तरीची, शाळेची रसायनशाळा सांभाळून
निवृत्त झालेली, बोटांवर अजून जुने डाग.
"काय आवडतं तुम्हाला?"
काहीच नाही, मी म्हटलं.
ती हसली नाही. म्हणाली, "बरं झालं. पाटी कोरी आहे."

पाटी मी पहिल्याच दिवशी बरबटवली.
एका हातावर चार अत्तरं, दुसऱ्यावर तीन,
मनगटापासून कोपरापर्यंत नुसती भांडणं.
बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली.
गोड तेवढं कळलं : व्हॅनिला, जर्दाळू,
लग्नाच्या दारात शिंपडतात तसलं काही गुलाबाचं.
उरलेल्या सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द,
उग्र.

मग दर शनिवारी तीन कागदी पट्ट्या. चौथी मागायची नाही.
नाव वाचायचं नाही, किंमत तर नाहीच नाही.
"थांब जरा," हेझल म्हणायची,
"पहिला येतो तो फक्त दार उघडायला येतो.
घरात कोण राहतं ते तासाभराने कळतं."
नाक दमलं की आपल्याच बाहीत खुपसायचं.

एका पट्टीवर चक्क डांबर होतं,
भिजलेला चामडी पट्टा, विझवलेली शेगडी.
शी! मी ती खिशात कोंबली.
मंगळवारी हातमोज्याबरोबर बाहेर आली,
हुंगली. परत हुंगली.
छत्तीस नंबर समोरून निघून गेली.

शब्द शोधायला बसले तर सापडले ते
सगळे तक्रारीचे :
ओशट, कोंदट, करपट, खवट, कुबट.
शेवटी त्यांनाच कामाला लावलं.
"हा मस्त ओशट आहे," मी खुशीत सांगायची
आणि हेझल तो शब्द तसाच,
ट अडखळत, वहीत उतरवायची.

नऊ नंबरच्या पट्टीला मी आठ आठवडे
ओली माती म्हणत होते,
पेन्सिलीचा भुसा, ग्रेपफ्रूटची साल, किंचित धूर.
नोव्हेंबरात तिने बाटली फिरवून नाव दाखवलं.
व्हेटिव्हर. गवताची मुळं, हैतीहून आलेली.
मुळं?
मुळं... अगं, हा तर वाळा!
सोलापूरला मालूमावशी उन्हाळाभर माठात सोडायची तो.
आठ आठवडे ओळख कोणी दिली नाही,
त्याने की मी?
आणि पाण्याला मुद्दाम वास लावायचा, म्हणजे
माझ्या टेबलावर तो माठ सरळ नापास.

हेझल म्हणाली, "या गावात तर लोक दुरून येऊन
पैसे मोजून गंधकाचं पाणी प्यायचे.
नाक दाबून."

तीन मिलिलिटर, अकरा पौंड.
लावते शुक्रवारी रात्री,
लसणाची रजा त्याला दिली.

या सोमवारी मूरवरच्या तलावाचा नमुना.
बूच काढलं. थांबले.
शेवाळ नव्हे, पण शेवाळाच्या शेजारचं काही,
सावलीतला दगड, नळाची लोखंडी कड,
आणि त्यामागे कोणीतरी, अजून दार न उघडलेलं.
नियमाप्रमाणे सगळं मर्यादेच्या आत.
फॉर्मवर चौकटी दोनच.
'नाही'वर खूण केली.
मग समासात बारीक काही लिहावं म्हणून
पेन्सिल उचलली,

तर तिचाही वास आला.