कच्चा टाका

साखर पेठेत माग थांबतात ते वीज गेल्यावर,
आणि तेव्हा माझा सीडी प्लेअरही मुका.
म्हणून पाळी बदलताना, रात्री,
मिळतील त्या पंधरा मिनिटांत झाकण उघडतो.

फुगलेले कपॅसिटर काढले. नवी आयसी,
चाळीस रुपयांची, बसवली.
ट्रान्सफॉर्मर उचलून बिस्किटाच्या डब्यात टाकला
तेव्हा कुठे ती घरघर गेली.

आता तंबोरा मागे सरकून बसलाय,
आणि बाई तान घेण्याआधी
श्वास घेतात,
तोही.

नायना जागेच होते.
बेचाळीस वर्षं मागावर, कान कधीच गेलेले.
डाव्या स्पीकरवर तळवा ठेवला, मग उजव्यावर,
चादरीचा पोत बघावा तसा.
"इकडं धागा तुटतोय रे."

मी हसलो.
तरी बोर्ड उलटा केला, भिंग लावलं:
आयसीच्या पायाशी माझाच टाका, कच्चा,
केसाएवढी भेग.

त्यांनी बॅटरी धरली, मी सोल्डर लावलं.
धूर विरला नाही तोच
समोर खटाखट सुरू झाली, भिंतीसकट.
मला काहीच ऐकू येईना.

त्यांचा हात धरून उजव्या स्पीकरवर ठेवला
आणि खुणेनं विचारलं,
लागला का?