गाळाचा हिशेब

रविवारी सात वाजता पुलाखाली उतरायचं.
गमबूट फिलोमिना डिमेलो आणते गोणीत भरून,
पंधरा बूट, त्यातले नऊ डाव्या पायाचे.
पहिल्या दिवशी मी चपलांवरच आलो होतो.
कुणी काही म्हणालं नाही.
फक्त गोठ्यावरचा रामअवध हसला,
"बाबूजी, पाय घातलात की चप्पल नदीची."

नदीची, म्हणाला तो.
मी एकतीस वर्षं तिला नाला लिहिलं.

पर्जन्य जलवाहिन्या खातं, दुसरा मजला, खिडकीशी टेबल.
बिलं यायची: दहिसर, गाळ उपसला,
डंपर एकशे बारा, काट्याच्या पावत्या सोबत.
एकदा एका पावतीवरचा नंबर
स्कूटरचा निघाला.
मी साहेबांना दाखवला.
साहेबांनी चहा मागवला.
चहा पिऊन मी सही केली.

गाळ खोऱ्याला सोडत नाही.
खालून कुणी धरून ठेवल्यासारखा येतो, अर्धा परत घसरतो.
गादी निघते, मिक्सरचं भांडं, केसांचे गुंते,
आणि प्लास्टरचा एक हात, कोपरापासून,
आशीर्वादाचा.
तो डंपरात टाकायला कुणी तयार होईना.
शेवटी वरच्या पाड्यावरच्या बारकीने
तो बाटलीतल्या पाण्याने धुतला,
उंबराच्या मुळांत नीट ठेवला
आणि पुन्हा खाली उतरली.

इर्शादने दुकानातला भंगाराचा काटा आणला गंमत म्हणून.
एक घमेलं: एकवीस किलो.
पोरं टाळ्या वाजवत होती, मी भागाकार करत होतो.
एका डंपरात दहा टन, असे एकशे बारा,
त्रेपन्न हजारांवर घमेली.
आम्ही एका रविवारी त्रेचाळीस काढतो.
म्हणजे माझी ती एक सही उपसायला
चोवीस वर्षं, पावसाळे धरून.
मी सहासष्टचा आहे.

"दमलात का, अंकल?" फिलोमिना विचारते.
"नोकरीला कुठे होता तुम्ही?"
"ऑफिसात."

बारकी अनवाणी. बूट तिला नकोत.
मधेच थांबते, टाच रुतवून बघते,
"इथं गार लागतंय. इथं खणा."
वर जंगलात आम्ही हिचंच पाणी पितो, म्हणाली,
तुमच्याकडं येऊन ही आजारी पडती.
तीन रविवार आम्ही तिच्या टाचेखाली खणलं.
तिसऱ्या रविवारी काळ्यातून काहीतरी हललं,
सुतळीएवढं,
आणि रामअवधने सगळ्यांना मागे ढकललं,
"गढूळ करू नका, गढूळ करू नका,"
स्वतः मात्र गुडघ्यापर्यंत चिखलात उभा.

रात्री वही काढतो.
माणसं अकरा. घमेली त्रेचाळीस.
मागच्या आठवड्यातली गादी परत आली, बहुतेक तीच.
पाणी: वीतभर. गार.

खाली सहीपुरती जागा सोडतो.
अजून केलेली नाही.